महाळुंगें, कवठें आणि अव्यक्त राशी

गेल्या महिन्यांतली गोष्ट. दिवेलागण झाली होती. देवघरांत वहिनींचें स्तोत्रपठण चाललें होतें, आणि माजघरांत नववींत शिकणारी आमची नात वही पुढें घेऊन मुकाट्यानें डोळे पुशीत बसली होती. काय झालें म्हणून विचारलें, तेव्हां तिनें वही माझ्याकडे सरकविली. उदाहरण असें होतें : आईचें आजचें वय मुलीच्या वयाच्या तिप्पट आहे, बारा वर्षांनीं तें मुलीच्या वयाच्या दुप्पट होईल, तर दोघींचीं वयें काढा. नातीनें तें तीन वेळां सोडविलें होतें आणि तिन्ही वेळां मुलीचें वय उणें बारा आलें होतें!

"आजोबा, नुसतीं समीकरणें दिलीं तर मी चटकन सोडवितें," ती म्हणाली, "पण हीं माणसें आणि त्यांचीं वयें आलीं कीं कांहीं सुचेनासें होतें. आमच्या वर्गांत सगळ्यांचें असेंच आहे."

तिचें म्हणणें अगदीं खरें आहे. तीस-बत्तीस वर्षें मीं शाळेंत संस्कृत व गणित हे दोन विषय शिकविले, आणि शाब्दिक उदाहरण फळ्यावर लिहिलें कीं वर्गावर पसरणारी ती शांतता मला चांगली ओळखीची आहे. मुलांना बेरीज-वजाबाकी येते, समीकरणाच्या दोन्ही बाजूंस तेंच करावें हें ठाऊक असतें, अक्षरांचें भय तर केव्हांच गेलेलें असतें. अडतें तें अन्यत्र. संस्कृताच्या तासाला श्लोक दिला असतां आपण प्रथम काय करतों? क्रियापद शोधतों, कर्ता शोधतों, विशेषण कोणाचें तें ठरवितों. थोडक्यांत, अन्वय लावतों. अन्वय लागल्यावांचून अर्थ सांगूं पाहणारा विद्यार्थी जसा फसतो, तसाच अन्वय न लावतां समीकरण मांडणाराही फसतो. गणिताच्या तासाला मात्र अन्वय नांवाची कांहीं वस्तु आहे हें आपण मुलांना सांगतच नाहीं.

मी नातीला एवढेंच विचारलें, "बारा वर्षांनीं आई एकटीच मोठी होणार, आणि मुलगी आहे तेवढीच राहणार काय?" तिनें वहीकडे पाहिलें. आईच्या वयांत बारा मिळविले होते. मुलीच्या वयांत मिळविलेच नव्हते. पुढचें तिचें तिनें केलें. मुलीचें वय य, आईचें तीन य; बारा वर्षांनीं तीन य अधिक 12 हें (य अधिक 12) याच्या दुप्पट; म्हणून य = 12 आणि आई 36 वर्षांची. बारा वर्षांनीं एक 24 ची, एक 48 ची. पडताळा जुळला तसे डोळेही कोरडे झाले.

इतक्यांत वहिनी जपमाळ ठेवून बाहेर आल्या. त्या शाळेंत फारशा गेलेल्या नाहींत, परंतु आमच्या एकत्र कुटुंबाचा स्वयंपाकाचा हिशोब आज कित्येक वर्षें त्यांच्याच हातीं आहे. मी नातीला म्हटलें, "आतां वहिनींना एक उदाहरण घाल. पंगतीला मोठीं माणसें आणि मुलें मिळून 23 पानें आहेत. मोठ्यांना तीन-तीन पुरणपोळ्या, मुलांना दोन-दोन. पोळ्या लागल्या 58. तर मोठीं किती आणि मुलें किती?"

नात कागदावर क्ष आणि य लिहीत असतांनाच वहिनींनीं उत्तर दिलें : मोठीं बारा, मुलें अकरा. "कसें काढलेंत?" असें विचारतां म्हणाल्या, "त्यांत काय काढायचें? सर्वांनाच आधीं दोन-दोन वाढल्या. शेहेचाळीस गेल्या. उरल्या बारा. त्या मोठ्यांची तिसरी-तिसरी पोळी. म्हणजे मोठीं बाराच कीं."

शाळेंत आपण काय शिकवितों तें पाहा. क्ष + य = 23; 3क्ष + 2य = 58. पहिल्या समीकरणास दोहोंनीं गुणा, 2क्ष + 2य = 46; तें दुसऱ्यांतून वजा करा, क्ष = 12. "सर्वांनाच आधीं दोन-दोन वाढल्या" म्हणजेच "पहिल्या समीकरणास दोहोंनीं गुणा". "उरल्या बारा" म्हणजेच वजाबाकी. एका अव्यक्ताचा लोप करण्याची जी युक्ति पुस्तकांत नियम म्हणून येते, ती पंगतींत वाढतां वाढतां वहिनींच्या हातांत आपोआप आलेली होती.

आपल्या जुन्या गणितग्रंथांत असलीं उदाहरणें विपुल आहेत, आणि त्यांत रसिकताही आहे. राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या काळीं, म्हणजे इसवी सनाच्या नवव्या शतकांत, महावीराचार्य या जैन पंडितानें 'गणितसारसंग्रह' रचला. हा ग्रंथ 1912 मध्यें मद्रासेस इंग्रजी भाषांतरासह छापून निघाला. त्यांत फळांचें एक उदाहरण आहे. नऊ महाळुंगें व सात सुगंधी कवठें यांची एकत्र किंमत 107. सात महाळुंगें व नऊ कवठें यांची 101. तर प्रत्येक फळाची किंमत सांगा.

आमच्यासारखा मास्तर लगेच पहिल्यास नवांनीं व दुसऱ्यास सातांनीं गुणावयास बसेल. बसूं द्या, उत्तर येईलच. परंतु येथें आंकडे कसे आलटूनपालटून ठेवले आहेत, हें ज्याच्या लक्षांत आलें त्याला इतका खटाटोप नको. दोन्ही खरेद्या एकत्र करा : सोळा महाळुंगें व सोळा कवठें, किंमत 208. म्हणजे एक महाळुंग व एक कवठ यांची जोडी 13 ला. आतां एका खरेदींतून दुसरी वजा करा : दोन महाळुंगें जास्त व दोन कवठें कमी, फरक 6, म्हणजे महाळुंग कवठाहून 3 नीं महाग. बेरीज 13, वजाबाकी 3. महाळुंग 8 ला, कवठ 5 ला. नऊ आठें बहात्तर आणि सात पांचें पस्तीस, मिळून 107. छप्पन्न आणि पंचेचाळीस, मिळून 101.

बेरीज व अंतर कळलें असतां दोन राशी काढण्याच्या या शेवटच्या पायरीस आपल्याकडे 'संक्रमण' असें नांव आहे. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'मध्यें तें स्वतंत्र प्रकरण म्हणून आलेलें आहे. तेथील उदाहरणांत बेरीज 101 व अंतर 25 दिलें आहे. उत्तर 63 आणि 38. बेरजेंत अंतर मिळवून निम्मे केलें कीं मोठी रास, वजा करून निम्मे केलें कीं लहान. घरांतल्या लहान मुलांना हें एवढें जरी खेळाखेळांत शिकविलें, तरी पुढचा निम्मा रस्ता सोपा होतो असा माझा अनुभव आहे.

भास्कराचार्यांचें नांव निघालें आहे, तर थोडें थांबलें पाहिजे. त्यांचा जन्म शके 1036 मधला, म्हणजे इसवी सन 1114 चा. 'सिद्धान्तशिरोमणि' त्यांनीं वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं, 1150 मध्यें पुरा केला. खानदेशांत चाळीसगांवाजवळ पाटणें येथें शके 1128 चा एक शिलालेख आहे. त्यांत त्यांच्या नातवानें, चांगदेवानें, आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ चालविल्याची हकीकत आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं हा लेख एकोणिसाव्या शतकांत विद्वानांच्या नजरेस आणला. आजोबांच्या ग्रंथांसाठीं नातवानें पाठशाळा काढावी, हें वाचून माझ्यासारख्या आजोबास किंचित् हेवा वाटतो, हें कबूल केलें पाहिजे.

त्यांचें 'बीजगणित' म्हणजे अव्यक्त राशींचें शास्त्र. इंग्रजी शिक्षणाबरोबर आपण अज्ञात राशीला एक्स व वाय म्हणूं लागलों. आपल्या आचार्यांनीं मात्र त्यांना रंगांचीं नांवें दिलीं होतीं. पहिलें अव्यक्त 'यावत्तावत्', म्हणजे जेवढें असेल तेवढें. त्याची खूण 'या'. दुसरें कालक, तिसरें नीलक, चवथें पीतक, पांचवें लोहितक; खुणा का, नी, पी, लो. ज्ञात संख्येस 'रूप' म्हणत व 'रू' लिहीत. ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब देत. समीकरणाच्या दोन बाजू एकीखालीं एक मांडीत, म्हणजे या खालीं या, रू खालीं रू येऊन वजाबाकी डोळ्यांसमोर उभी राहत असे. एकाच अव्यक्ताचें तें एकवर्ण समीकरण, अनेकांचें तें अनेकवर्ण. रंगांचीं हीं नांवें भास्कराचार्यांच्याही पूर्वींचीं. ब्रह्मगुप्तानें 628 मध्यें रचलेल्या ग्रंथांतही अव्यक्ताला 'वर्ण' हाच शब्द आहे. मी वर्गांत कधीं कधीं रंगीत खडूंनीं समीकरणें लिहीत असें. मुलांस मौज वाटे, आणि तांबड्यांत निळें मिळवूं नये हें न सांगतां कळे.

आतां एका उदाहरणाशीं मला जरा अधिक वेळ बसावयाचें आहे, कारण त्यांत माझा स्वतःचा एक अपराध गुंतलेला आहे.

'बीजगणिता'च्या एकवर्ण प्रकरणांत दोन मित्रांचें उदाहरण आहे. पहिला म्हणतो, तूं मला शंभर दे, म्हणजे मी तुझ्या दुप्पट धनवान् होईन. दुसरा म्हणतो, तूंच मला दहा दे, म्हणजे मी तुझ्या सहापट होईन. दोघांजवळ किती धन? या साच्याचीं उदाहरणें सर्व पाठ्यपुस्तकांत असतात, व आपण तीं दोन अक्षरें घेऊन, दोन समीकरणें मांडून सोडवितों.

पुष्कळ वर्षांपूर्वीं सहामाही परीक्षेंत मीं याच साच्याचें उदाहरण घातलें होतें, आंकडे निराळे. एका मुलानें उत्तर बरोबर काढलें, पण दोन अव्यक्तें घेतलींच नाहींत. एकच अक्षर घेऊन पहिल्याचें धन म्हणून एक विचित्र दिसणारी रास लिहिली, दुसऱ्याचें म्हणून दुसरी, आणि चार ओळींत उत्तर. मला वाटलें, शेजाऱ्याचें उत्तर पाहून मागाहून रचलेली ही मांडणी आहे. मीं तांबडी फुली मारली व शून्य दिलें. तो मुलगा वही घेऊन आला. "गुरुजी, पहिली अट आपोआप पाळली जाईल अशीच रास मीं आधीं धरली," असें कांहींसें तो सांगूं लागला. मीं त्याला पुरें बोलूं दिलें नाहीं. "पुस्तकांत आहे तसें लिहावें," एवढें म्हणून वही परत केली. त्यानंतर त्यानें माझ्या तासाला प्रश्न विचारल्याचें मला आठवत नाहीं. पुढें त्यानें गणित सोडलें असें ऐकलें.

निवृत्त झाल्यावर मीं 'बीजगणित' सावकाश, सटीक वाचावयास घेतलें. त्याआधीं माझी धांव 'लीलावती'पलीकडे गेलेली नव्हती. मित्रांचें उदाहरण आलें आणि आचार्यांची रीत वाचून मी जागच्या जागीं स्तब्ध झालों. ते म्हणतात, पहिल्याचें धन दोन यावत्तावत् उणें शंभर माना, व दुसऱ्याचें एक यावत्तावत् अधिक शंभर. दुसऱ्यानें शंभर देतांच पहिल्याजवळ दोन या आणि दुसऱ्याजवळ एक या, दुप्पट झालेंच! पहिली अट अशी राशींच्या आंतच विणून टाकली. उरली दुसरी. पहिल्यानें दहा दिले, तर त्याच्यापाशीं 2या उणें 110 आणि दुसऱ्यापाशीं या अधिक 110 राहतात. दुसरें पहिल्याच्या सहापट, म्हणून

12या − 660 = या + 110

11या = 770, या = 70. पहिल्याजवळ 40, दुसऱ्याजवळ 170. शंभर मिळाले तर 140 आणि 70. दहा दिले तर 30 आणि 180.

ज्या रीतीला मीं शून्य दिलें, ती भास्कराचार्यांची रीत होती. त्या पोराला ती कोणी शिकविली नव्हती. त्याची त्याला सुचली होती. बीज म्हणजे कांहीं हीं अक्षरें नव्हत, बुद्धि हेंच खरें बीज, अशा आशयाचें आचार्यांचें वचन मी वर्गांत मोठ्या ऐटीनें सांगत असें. तें सांगणाराच मी! त्या मुलाचा पत्ता मजजवळ नाहीं, आणि असता तरी पन्नाशीकडे झुकलेल्या गृहस्थास सहामाहीचे गुण परत करून काय होणार?

असो. पुढील उदाहरण मनाला विरंगुळा देणारें आहे, व तें 'लीलावती' व 'बीजगणित' या दोहोंतही आहे. चार जवाहिरे प्रवासांत भेटतात. एकाजवळ 8 माणकें, दुसऱ्याजवळ 10 नीलमणी, तिसऱ्याजवळ 100 मोत्यें, चवथ्याजवळ 5 हिरे. स्नेहाची खूण म्हणून प्रत्येकजण इतर तिघांना आपल्याजवळचें एकेक रत्न देतो, आणि काय आश्चर्य, चौघांचें धन सारखें होतें. तर रत्नांच्या किंमती काय? चार अव्यक्तें, चार रंग. अक्षरें मांडून गुणाकार करीत बसलें तर पानभर जागा जाईल. परंतु पाहा : देवघेव झाल्यावर प्रत्येकाजवळ चारही जातींचें निदान एकेक रत्न आहेच. चौघांकडून तीं एकेक बाजूला काढून ठेवलीं तर समता बिघडत नाहीं. मग उरतात पहिल्याचीं 4 माणकें, दुसऱ्याचे 6 नीलमणी, तिसऱ्याचीं 96 मोत्यें व चवथ्याचा 1 हिरा; आणि हीं चारही समान किंमतीचीं. मोत्याची किंमत 1 धरली तर नीलमणी 16, माणीक 24 व हिरा 96. पाहिजे तर पडताळून पाहावें; प्रत्येकाजवळ 233 चा ऐवज निघतो. मोत्याची किंमत 2 धरली तर सारेंच दुप्पट होईल, आणि तेंही उत्तर खरेंच. कारण येथें किंमती ठरत नाहींत, फक्त त्यांचें परस्पर प्रमाण ठरतें.

यावरून एक गोष्ट ध्यानांत यावी. अव्यक्तें जितकीं, तितक्या निरनिराळ्या बातम्या पाहिजेत. एक जरी कमी असली तरी उत्तर एकच राहत नाहीं. 'बीजगणितां'त शंभर नाण्यांना शंभर पक्षी आणण्याचें उदाहरण आहे : तीन नाण्यांना पांच कबुतरें, पांचांना सात सारस, सातांना नऊ हंस, नवांना तीन मोर. येथें चार अव्यक्तें आणि बातम्या दोनच. अर्धवट जुडगे न घेतां, व चारही जातींचे पक्षी आणावयाचे असें धरलें, तरी मला सहा निरनिराळीं उत्तरें मिळालीं. त्यांतलें एक असें : कबुतरें 5, सारस 56, हंस 27, मोर 12. बाकीचीं पांच शोधण्याचें काम सुटींतल्या मुलांकडे सोंपवावें. घर तेवढेंच शांत राहील.

उलट, बातमी दुसरी दिसते पण असत नाहीं, असेंही होतें. दोन नारळ व तीन लिंबें यांचे 69 रुपये, आणि चार नारळ व सहा लिंबें यांचे 138, असें कोणी सांगितलें तर त्यानें एकच गोष्ट दोनदां सांगितली. तेवढ्यावरून नारळाचा भाव कोणालाही काढतां येणार नाहीं. आणि चार नारळ व सहा लिंबें 130 ला, असें सांगितलें तर? गणित म्हणेल, अशक्य. बाजारांत जाणारा म्हणेल, त्यांत काय, जास्त घेतलें म्हणून दुकानदारानें आठ रुपये सोडले. दोघेही बरोबर आहेत. भाव कायम आहे, हें गृहीत उदाहरणांत कोठेंच लिहिलेलें नसतें, पण तें धरल्यावांचून एक पाऊलही पुढें टाकतां येत नाहीं. मुलें अडखळतात तीं पुष्कळदां अशा न लिहिलेल्या वाक्यापाशीं. बारा वर्षांनीं दोघीही मोठ्या होतील, हेंही तसलेंच न लिहिलेलें वाक्य.

उणें उत्तर आलें कीं चूकच झाली, असेंही मुलांनीं समजूं नये. बाप 50 वर्षांचा, मुलगा 20 चा. किती वर्षांनीं बाप मुलाच्या तिप्पट होईल? समीकरण सोडवितां उत्तर येतें उणें पांच. म्हणजे तो योग पांच वर्षांपूर्वींच येऊन गेला, तेव्हां ते 45 व 15 होते. वय मात्र उणें असूं शकत नाहीं. म्हणून नातीच्या वहींतलें उणें बारा ही चूक, आणि हें उणें पांच ही बातमी.

हें सारें केवळ आपल्याच देशांत होतें असा अभिमान मात्र नको. चीन देशांत सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींच्या 'नऊ प्रकरणें' या नांवाच्या ग्रंथांत, आठव्या प्रकरणांत, तीन प्रतींच्या धान्याचें उदाहरण आहे. तें गणनेच्या काड्या रकान्यांत मांडून, एकेका अव्यक्ताचा लोप करीत सोडविलें आहे. युरोपांत ही रीत एकोणिसाव्या शतकांतल्या गाउस या जर्मन गणित्याच्या नांवानें प्रसिद्ध झाली. आज संगणक हजारों अव्यक्तांचीं समीकरणें सोडवितात, तीं बव्हंशीं याच लोपाच्या मार्गानें. आपल्या शालेय पुस्तकांतली निश्चयकांची रीत ही क्रेमरची, 1750 ची. ती दिसावयास सुबक आहे, पण अन्वय लावून देण्याचें काम तीही करीत नाहीं.

त्या रात्रीं नातीला मीं मित्रांचें उदाहरण घातलें, रीत न सांगतां. तिनें दोन अव्यक्तें घेऊन तें सोडविलें. मग आचार्यांची रीत दाखविली. ती बराच वेळ त्या ओळींकडे पाहत राहिली. नंतर तिनें आपलें आई-मुलीचें उदाहरण पुन्हां घेतलें व विचारलें, "आजोबा, बारा वर्षांनंतरचेंच मुलीचें वय य धरलें, तर आई आपोआप दोन य होईल ना? मग आजचीं वयें य उणें 12 आणि दोन य उणें 12."

दोन य उणें 12 हें, य उणें 12 याच्या तिप्पट; य = 24; आज मुलगी 12, आई 36. मीं कांहीं न बोलतां मान डोलविली.

"पण असें लिहिलें तर बाई मार्क देतील का?"

मग मीं तिला त्या मुलाची हकीकत सांगितली. ऐकून ती कांहीं बोलली नाहीं. दुसऱ्या दिवशीं वही नेतांना तिनें डाव्या पानावर पुस्तकांतली रीत लिहिली होती, उजव्या पानावर स्वतःची, आणि दोहोंखालीं पडताळा. वही अजून तपासून आलेली नाहीं.